तिसऱ्या चढाईचा हरी ठाकूर

कबड्डीत एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, म्हणजे चढाईवाला गुणही न आणता आणि पकडलाही न जाता परत आला, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. नाही आणला तर तो बाद. ही गोष्ट घडली तोवर हरेश्वर ठाकूर अमिरातीत अकरा वर्षं कबड्डी खेळला होता. नऊ संघांकडून खेळला होता. आणि या अकरा वर्षांत त्याने जवळपास फक्त ही तिसरी चढाई केली.

कारण साधं आहे. पहिल्या दोन चढाया संघाचा मुख्य चढाईवाला करतो. तो निदान रेषेपलीकडे, म्हणजे परतण्याआधी ओलांडावीच लागते त्या रेषेपलीकडे, पाय टाकतो, मांडीवर थाप मारतो, कोपऱ्यातल्या बचावपटूला हुलकावणी देतो, वेळ काढतो आणि सुखरूप परततो. लोक टाळ्या वाजवतात. तिसऱ्या वेळी मात्र समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं, की आता जो येईल त्याला आत घुसावंच लागणार आहे. अशा वेळी मुख्य चढाईवाल्याला पाठवणं परवडत नाही. तो बाद होऊन बाहेर बसला तर संघ लंगडा पडतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात. तो दुसरा कुणीतरी म्हणजे हरी.

त्याला पहिली चढाई हवी होती. संघ बदलताना त्याने मागितलेली गोष्ट ही एवढीच.

दुबईतल्या जबल अलीत गोदामांच्या मागे एक रेतीचं मैदान आहे. तिथे कंपन्यांच्या आणि कोकणातल्या मंडळांच्या स्पर्धा होतात. मुंबईत वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात काही वर्षं काढलेला माणूस दुबई मरीनातल्या एका कार्यालयात नोकरीला आलाय हे कळल्यावर आयोजकांनी गुणपत्रक लिहायचं काम माझ्याकडे दिलं. तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. पहिल्याच शुक्रवारी सामना संपल्यावर एक बुटका, जाड मानेचा माणूस टेबलापाशी आला. डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली. अंगावरची रेती त्याने झटकली नव्हती.

"पेपरवाले तुम्हीच ना? मना जरा दाखवा, माझ्या नावापुढं काय लिवलंय."

मी पत्रक फिरवून दाखवलं. चढाया सात, यशस्वी दोन, बाद पाच.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "आता ह्यात तिसऱ्या किती ते कुठं लिवलंय?"

"त्याला वेगळा रकाना नाही."

"सातच्या सात तिसऱ्या होत्या."

"संघटनेचा नमुना आहे. मी बदलू शकत नाही."

त्याने पत्रकाकडे आणखी थोडा वेळ पाहिलं. "म्हणजे हे वाचणाऱ्याला वाटणार, ह्याला खेळता येत नाय." एवढं बोलून तो कंपनीच्या बसकडे निघून गेला. त्यानंतर दर सामन्यानंतर तो टेबलापाशी यायचा, तेच पत्रक पाहायचा आणि तेच विचारायचा. उत्तर बदललेलं नाही, हे ठाऊक असूनही विचारायचा.

रायगडमधल्या एका खाडीकाठच्या गावात तो वाढला. तिथे घराघरात कबड्डी. भारतातल्या व्यावसायिक लीगमध्ये एका संघाने त्याला लिलावाच्या अगदी शेवटच्या फेरीत घेतलं होतं. पूर्ण हंगाम तो बाकावर होता. एका सामन्यात दोन चढाया रिकाम्या गेल्या, मुख्य खेळाडू दमला होता, आणि प्रशिक्षकाने हरीला उठवलं. तो गेला आणि पकडला गेला. टीव्हीवर दिसलेली त्याची कारकीर्द एवढीच. पुढच्या वर्षी कुणी बोली लावली नाही. मग गाववाल्याच्या ओळखीने तो दुबईला आला, आणि इथल्या व्यवस्थापकांनी ती एकच चढाई पाहिलेली असल्यामुळे त्याला तेच काम मिळालं.

इथे कबड्डीसाठी व्हिसा मिळत नाही. संघ कंपनीचा असतो आणि खेळाडू कागदोपत्री कंपनीचा कामगार. हरी आधी हेल्पर होता, मग स्टोअरकीपर, मग एसी टेक्निशियन, मग एका केटरिंग कंपनीत किचन स्टीवर्ड. एका वर्षी तो सेल्समन होता, आणि त्या वर्षी त्याने काय विकलं ते त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. "व्हिसावर नऊ धंदे केले," तो म्हणायचा, "पोट भरलं एकाच धंद्यावर. आणि तो व्हिसावर कधीच आला नाय."

त्याच्या हाफ पँटच्या खिशात कायम एक नेलकटर असायचा. सामन्याआधी पंच नखं तपासतात. वाढलेली असली तर खेळू देत नाहीत. हरी स्वतःची नखं आदल्या दिवशीच कापून ठेवायचा आणि मैदानावर इतरांची कापायचा. मोठमोठे खेळाडू त्याच्यापुढे हात पसरून उभे राहायचे. ते त्याला दादूस म्हणायचे. तो एकेकाचं बोट धरून कापायचा आणि त्याच वेळी समोरच्या संघाची माहिती द्यायचा. "तो डावा कोपरा बघ, घोटा धरतो, पन हात सोडतो लवकर. दुसरा हात. त्यांचा उजवा मध्यरक्षक, त्याला उडी मारायची घाई असते. अंगठा दे." हे सगळं तो ज्यांना सांगायचा ते पहिल्या चढाईला जाणार असायचे. माहिती त्याची, चढाई त्यांची.

नववा संघ अन्वर काझींचा. अन्वरभाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. जबल अलीत त्यांचा मालवाहतुकीचा धंदा, गोदामं दोन, आणि कबड्डीचा नाद वडिलांपासूनचा. हरीला घेताना त्यांनी कार्यालयात चहा मागवला. मी तिथे मंडळाच्या स्पर्धेच्या कामासाठी गेलो होतो.

"बोल हरी, अट काय तुझी?"

"पहिली चढाई मना द्यायची."

"इन्शाल्ला," अन्वरभाई म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

बाहेर आल्यावर हरी हसला. "आतापरत्यान सात जनांनी इन्शाल्ला म्हटलं. हे आठवे. एक पंजाबी फोरमन होता, तो नुसता यल्ला म्हणाला, म्हंजे चल नीघ. तो बरा. त्याचं निदान कळलं तरी."

अन्वरभाईंकडे मुख्य चढाईवाला पंकज होता, नाशिकचा, चोवीस वर्षांचा, उंच. पंकज वाईट माणूस नव्हता. त्याच्या चढाया बघायला लोक अबू धाबीहून यायचे. तो आत जायचा, नाचल्यासारखे पाय टाकायचा, आणि समोर धोका दिसला की परत यायचा. एकदा, दोनदा. मग अन्वरभाई बाहेरून तीन बोटं दाखवायचे. हरी ती बोटं पाहायची वाटही पाहत नसे. दुसरी चढाई रिकामी जातेय असं दिसलं, की तो मध्यरेषेपाशी येऊन उभा असायचा.

अशा चढाईत काय होतं हे मी शेकडो वेळा लिहिलंय. समोरचे सात जण मागे सरकून उभे राहतात. त्यांना घाई नसते. घाई आत आलेल्याला असते. हरी फार नाचायचा नाही. तो खांदा खाली घालून एका बाजूला सरळ घुसायचा, हाताने किंवा पायाने कुणाला तरी स्पर्श करायचा आणि मग मध्यरेषेकडे अंग फेकायचा. कधी चार जणांना ओढत तो रेषेला बोट लावायचा. बहुतेक वेळा लागायचं नाही. मग तो ढिगाखालून उठायचा आणि बादांच्या जागेवर जाऊन बसायचा, हात गुडघ्यांवर ठेवून. कधी रागावताना मी त्याला तिथे पाहिलं नाही. तो रागावायचा गुणपत्रकापाशी.

गावी त्याची बायको सरिता आणि सहावीतली मुलगी. कामगारांच्या कॅम्पमधली मुलं सामन्यांचे व्हिडिओ काढायची, हरी ते घरी पाठवायचा. एकदा मैदानाच्या कडेला तो व्हिडिओ कॉलवर बोलत होता. मुलीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"पप्पा, तुम्ही दरवेळी सगळ्यांच्या खालीच का असता?"

"अगं, ते मना घाबरतात. म्हनून पाच-पाच जन लागतात धरायला."

"आणि ते पंकजकाका?"

"त्याला कोन धरतच नाय."

"मग ते भारी ना?"

हरीने फोन सरिताला द्यायला सांगितलं.

त्याचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला सामना म्हणजे एका बांधकाम कंपनीच्या संघाविरुद्धची अंतिम लढत. समोर हरियाणाचे खेळाडू होते, आणि पंकजला त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या डावात हरी चार वेळा तिसरीला गेला. तीन वेळा गुण घेऊन आला. शेवटच्या वेळी तर त्याच्या पायाला एक जण लोंबकळत होता आणि हरीने कोपरावर सरपटत रेषा गाठली. सामना एका गुणाने जिंकला. सर्वोत्तम चढाईवाल्याचं बक्षीस पंकजला मिळालं, कारण पूर्ण स्पर्धेतले त्याचे गुण जास्त होते. बक्षीस म्हणजे एक एअर फ्रायर.

"दादूस, तू ठेव हा," पंकज मनापासून म्हणाला. "खरंच."

"कॅम्पात कुठं लावू? तिथं साधी इस्त्री लावली तर वॉचमन वरडतो."

अन्वरभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नाराज नको होऊ रे. आकडे बोलतात."

"आकडे कुठं बोलतात अन्वरभाई," हरी माझ्याकडे बघत म्हणाला. "त्यांना पेपरवाले बोलायला लावतात."

त्या वाक्यावर सगळे हसले. हरीही हसला. मग तो कोपराला लागलेली रेती नळावर धुवायला गेला.

त्याच वर्षी भारतातल्या एका व्यावसायिक संघाने अमिरातीत निवड चाचणी घ्यायचं ठरवलं. आखातात खेळणारे काही अनुभवी खेळाडू स्वस्तात मिळतील, असा त्यांचा विचार होता. येणारे निवडकर्ते सावंतसर, स्वतः एकेकाळचे नावाजलेले खेळाडू. त्यांनी आधी दोन वर्षांची गुणपत्रकं मागवली. मी पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"हा ठाकूर एच. कोण? फार बाद होतो."

"तो फक्त तिसरीला जातो, सर."

"फक्त?"

"जवळजवळ फक्त."

"का? संघात दुसरा चढाईवाला नाही?"

"आहे. म्हणूनच."

"ठीक आहे. येऊ दे त्याला. मी त्याला पहिली देऊन बघतो. पायांची हालचाल कशी आहे ते बघायचंय मला, बाकी काही नको. गुण नाही आणला तरी चालेल."

मी हे शब्द जसेच्या तसे हरीला फोनवर सांगितले. पलीकडे फोर्कलिफ्टचा पिप्-पिप् आवाज चालू होता.

"सावंतसर बोलले? स्वतः?"

"स्वतः."

"पहिली?"

"पहिली. आणि आत घुसायचं नाही. नुसते पाय दाखवायचे. लक्षात ठेव."

"लक्षात काय ठेवायचंय त्यात," तो म्हणाला. तो पस्तीस वर्षांचा होता. व्यावसायिक संघ चाळिशीकडच्या माणसाला बोलावत नाहीत, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ही संधी गेली तर पुन्हा येणार नव्हती. सरिताला त्याने काही सांगितलं नाही. झाल्यावर सांगू, म्हणाला.

चाचणी अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती, शनिवारी सकाळी. अन्वरभाईंनी स्वतः गाडी काढली. पुढे ते आणि हरी, मागे पंकज आणि मी. पंकजलाही बोलावणं होतं.

"पंकज गेला तर दुसरा पंकज मिळेल," अन्वरभाई आरशात बघत म्हणाले. "तू गेलास तर तिसरीला माणूस कुठून आणू?"

"पंकज राहिला तर त्याला पाठवा."

"त्याला काही झालं म्हणजे?"

"आनि मना झालं म्हणजे?"

अन्वरभाईंनी एसी थोडा कमी केला. "तुला काही होत नाही रे. म्हणून तर."

मागून पंकजने हात पुढे केला, नखं कापायला. हरीने वळून त्याचा हात धरला आणि तिथून जवळच्या मुसाफ्फाची वळणं येईपर्यंत दहाही बोटं पूर्ण केली.

हॉलमध्ये मॅट टाकलेली होती. विसेक खेळाडू होते. तमिळ, पंजाबी, हरियाणवी, चार-पाच मराठी. सावंतसरांनी दोन संघ पाडले आणि शिट्टी हातात घेऊन हरीकडे बोट केलं. "ठाकूर. पहिली."

पंकज बाकावरून ओरडला, "दादूस, आरामात!"

चढाईला तीस सेकंद असतात. हरीवर कसलंही बंधन नव्हतं. निदान रेषेपलीकडे पाय टाकून, दोन-चार हुलकावण्या देऊन तो परत आला असता, तर तेवढंच हवं होतं. तो मध्यरेषा ओलांडून कबड्डी, कबड्डी म्हणत आत गेला. समोरचे सात जण मागे सरकले. त्याच क्षणी, मी मोजलं, सहाव्या सेकंदाला त्याचा डावा खांदा खाली गेला आणि तो थेट डाव्या कोपऱ्यात घुसला. कोपऱ्याने घोटा धरला. वरून चौघे पडले. शिट्टी वाजली.

सावंतसरांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या डावात त्यांनी पुन्हा त्याला बोलावलं. "पहिली आहे, ठाकूर. घाई नाही."

हरीने मान हलवली. मध्यरेषेवर त्याने दोन्ही तळवे मॅटला लावले, जरा थांबला आणि गेला. यावेळी तो उजवीकडे घुसला. सात सेकंद.

उठल्यावर तो सरळ सावंतसरांपुढे जाऊन उभा राहिला.

"तुला निरोप मिळाला नव्हता?"

"मिळाला होता, सर."

"मग घुसायला कोणी सांगितलं?"

"कोनी नाय."

"मग?"

हरीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "ते मागं सरकले, सर. ते मागं सरकले की मी जातो."

सावंतसरांनी वही मिटली. "कळवतो," ते म्हणाले. मग माझ्याजवळून जाताना हळू आवाजात म्हणाले, "तुमचं पत्रक बरोबरच होतं की."

पंकजची निवड झाली. त्याने हॉलबाहेर हरीच्या पायांना हात लावला. हरीने त्याला उठवून कवेत घट्ट धरलं आणि म्हणाला, "टीव्हीवर आत जाशील ना, तेव्हा त्यांचा डावा कोपरा आधी बघ. कुठलाही संघ असू दे."

परतीच्या रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा अन्वरभाई उतरले, पंकज घरी फोन लावायला लांब गेला. हरी गाडीतच होता.

"पेपरवाले," तो पुढे बघत म्हणाला, "अकरा वर्षं बोंबललो ना मी? पहिली द्या, पहिली द्या. दिली. दोनदा दिली. आनि मी काय केलं? तिसरी केली." त्याने डॅशबोर्डवर मूठ आपटली, फार जोरात नाही. "आता कुनाच्या नावानं बोंबलू?"

अन्वरभाई आणि पंकज परत आले आणि आम्ही निघालो.

पंकज गेल्यावर अन्वरभाईंचा संघ टिकला नाही. लोक यायचे थांबले, भागीदारांनी खर्च बंद केला. हरी दहाव्या संघात गेला, एका शीतगृहाच्या कंपनीत. व्हिसावर आता तो लोडिंग सुपरवायझर आहे. नव्या व्यवस्थापकाने विचारलं तेव्हा त्याने कसलीही अट घातली नाही, असं अन्वरभाईंनी मला सांगितलं.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते यंदाच्या उन्हाळ्याआधी. सुट्टी आता रविवारी असते. स्पर्धेच्या आखणीसाठी मी सकाळी लवकर जबल अलीच्या मैदानावर गेलो. आखायला येणारी मंडळी अजून पोचली नव्हती. रेतीत कुणीतरी पायाने तीन रेषा ओढल्या होत्या आणि त्यांच्यात हरी एकटा होता.

तो मध्यरेषेवरून निघायचा. निदान रेषेपर्यंत जायचा, पलीकडे पाय टाकायचा, डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा आणि परत यायचा. समोर कुणीच नव्हतं. तोंडाने कबड्डी चालू होती, हलक्या आवाजात, श्वास न तोडता. वळायचा, पुन्हा जायचा. चौथ्या की पाचव्या वेळी निदान रेषेपलीकडे त्याचा खांदा खाली जायला लागला. तो तिथेच थांबला, स्वतःशीच मान हलवली, चालत मध्यरेषेवर आला आणि ती चढाई पहिल्यापासून पुन्हा केली.

मी कुंपणापाशी होतो. त्याने मला पाहिलं नसावं. पाहिलं असेल तर तसं दाखवलं नाही.

रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबली. चालकाने हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला आणि दारातून कुणीतरी ओरडलं, "यल्ला, ठाकूर!" हरीने न वळता हात वर करून थांबायची खूण केली, श्वास भरून घेतला, आणि आणखी एकदा रिकामा परत यायला आत गेला.